गौरीपूजन, ब्रुसेल्सची वेळ आणि लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट

११ सप्टेंबर २०२४, बुधवार. घरात गौरीपूजन, सकाळपासून पुरण शिजतंय, काकू आणि दोन्ही आत्या हजर, आणि मी माडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. खालून आवाज येतोय, "कुठं हाय गं ती?" आणि आईचं उत्तर, "वर हाय, कसला तरी फॉर्म भराय लागलीया, आज शेवटची तारीख म्हणं." त्या 'म्हणं'मधे सगळं आलं. गौरी वर्षातनं एकदा जेवायला येतात आणि घरची पोरगी फॉर्म भरतीय.

फॉर्म कसला, तर मारी स्क्वोदोव्स्का क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपचा, म्हणजे पीएचडीनंतर परदेशातल्या लॅबमधे संशोधन करायला मिळणाऱ्या फेलोशिपचा. हे नाव मला अजून एका दमात म्हणता येत नाही, लॅबमधे सगळे नुसतं 'मारी क्युरी' म्हणायचे, "मारी क्युरी टाकलीस का?" असं. आमच्याकडं अर्ज टाकायचा असतो, लॉटरीच्या तिकिटासारखा. युरोपियन युनियनची स्कीम आहे, वर्षातनं एकदा कॉल, म्हणजे अर्ज मागवायची जाहिरात, निघतो, सप्टेंबरात बंद होतो, आणि बंद होतो म्हणजे ब्रुसेल्सच्या घड्याळात संध्याकाळी पाचला, आपल्याकडं तेव्हा साडेआठ वाजलेले असतात. बाबांनी हा हिशोब ऐकला आणि म्हणाले, "मग आरतीच्या आधी होतंय की." एवढ्या खात्रीनं म्हणाले की मला पण पटलं. मग ते आणि काका संस्थानच्या गणपतीचं विसर्जन बघायला घाटावर निघून गेले, पाचवा दिवस होता.

सव्वासातला लाइट गेली. वायफाय बंद. मोबाइलचा हॉटस्पॉट लावला तर अर्धी सांगली विसर्जनाचं लाइव्ह करत असणार, नेट रांगतंय. आणि पीडीएफ बघते तर मुख्य भाग अकरा पानांचा झालेला. लिमिट दहा. अकरावं पान परीक्षकापर्यंत पोचतच नाही, आणि माझा गँट चार्ट, म्हणजे कुठलं काम कधी होणार त्याचा तक्ता, नेमका तिथं गेलेला. अंधारात, घामाघूम, खालनं पुरणाचा वास, आणि मी एकेका वाक्यातनं शब्द काढतीय, एक आख्खा पॅरा 'जेंडर डायमेन्शन'चा होता तो छाटला (माझा विषय सुपरकपॅसिटर, म्हणजे वीज साठवायचं साधन, त्यात जेंडर डायमेन्शन काय लिहायचं हे ज्याला कळलं त्यानं मला सांगावं, पण तो मुद्दा सोडून चालत नाही, प्रकल्पाला लागू का नाही ते तरी दोन ओळीत लिहावं लागतं). सात बावन्नला सबमिट झालं. खाली आले तर काकू म्हणाली, "झालं का परमनंट?"

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांत चार-पाच ज्युनियर पोरापोरींचे मेसेज आले, मॅडम परदेशी फेलोशिपचं सांगा, मॅडम तुमचं प्रपोजल पाठवा. प्रत्येकाला तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच इथं लिहितीय. मला अजून मिळालेली नाही हे आधीच सांगते. मिळालेल्यांचं ऐकायचं असेल तर त्यांच्याकडं जा, ते "मेहनत आणि चिकाटी" सांगतील.

तर आधी आमच्या पट्ट्याचं. कोल्हापूर, सांगली, सातारा मिळून फिजिक्स केमिस्ट्रीत थिन फिल्मवाले, म्हणजे काचेवर पदार्थाचा बारीक थर चढवणारे, इतके आहेत की एसटीत शेजारी बसलेला माणूस निघायचा. केमिकल बाथ, सिलार, स्प्रे पायरोलिसिस, असल्या स्वस्तातल्या पद्धतींनी फिल्म बनवायची, तिचा सोलर सेल नाहीतर सेन्सर नाहीतर सुपरकपॅसिटर करायचा, पेपर काढायचे, पीएचडी. आणि पुढं कोरिया. कोणाचा तरी सिनियर तिथं असतोच, तो तिथल्या प्रोफेसरला सांगतो, प्रोफेसर आपल्या ग्रँटमधनं पगार देतो, महिन्याभरात व्हिसा. यात वाईट काही नाही, माझा स्वतःचा लॅबमेट असाच गेला आणि झकास काम करतोय. पण ती नोकरी आहे, प्रोजेक्ट त्या सरांचा असतो, आपण हात असतो. फेलोशिपमधे प्रोजेक्ट आपला, पैसा आपल्या नावावर मंजूर, आणि लॅब आपण निवडायची. कोरियातसुद्धा ब्रेन पूल म्हणून परदेशी संशोधकांसाठी वेगळी स्कीम आहे, पण आमच्यात ती कोणी विचारत नाही, कारण सिनियरचा फोन त्यापेक्षा सोपा पडतो.

मारी क्युरीचा गाभा आहे मोबिलिटी. म्हणजे माणूस हलला पाहिजे. कॉल बंद व्हायच्या आधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही यजमान देशात, म्हणजे जिथं जाणार त्या देशात, १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं किंवा काम केलेलं चालत नाही. जर्मनीत दोन वर्षं काढलीत तर जर्मनीसाठी अर्ज करता येत नाही, फ्रान्सला जा म्हणतात. पीएचडी झालेली पाहिजे, आणि त्यानंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांच्या आत पाहिजे, मधे मूल झालं, आजारपण आलं, तर ती गॅप धरत नाहीत. वयाची अट नाही, टक्केवारी विचारत नाहीत, इंटरव्ह्यू नाही, शिफारसपत्र नाही. फक्त ते प्रपोजल आणि तुमचा सीव्ही. शंभरातले पन्नास मार्क संशोधन किती दमदार त्याला, तीस त्याचा पुढं काय परिणाम होणार त्याला, वीस कामाच्या आखणीला.

आता पैशाचं, कारण घरातला पहिला प्रश्न तोच असतो. २०२४च्या कॉलला महिन्याचा लिव्हिंग अलाउन्स ५,०८० युरो होता, वर मोबिलिटी अलाउन्स ६००, आणि लग्न झालेलं असेल किंवा मूल असेल तर आणखी ६६०. बाबांनी युरो नव्वदच्या पुढं आहे हे मोबाइलवर बघितलं, गुणाकार केला, आणि दोन मिनिटं गप्प बसले. साखर कारखान्यात टाइमकीपर म्हणून आयुष्य गेलेला माणूस. मग मला समजावून सांगायला लागलं की हा आकडा हातात पडत नाही, देशाप्रमाणं कमीजास्त होतो, आणि फेलोशिप म्हणत असले तरी तिथली संस्था तुम्हाला रीतसर नोकरीवर घेते, करार करते, तेव्हा मालकाचा वाटा आणि आपला वाटा, विमा, पेन्शन, टॅक्स सगळं याच्यातनंच कापलं जातं. बऱ्यापैकी कात्री लागते. "म्हंजे पीएफ हाय," बाबा म्हणाले. ते ऐकून त्यांना आकड्यापेक्षा जास्त बरं वाटलं. लग्नाच्या ६६० युरोचं आईला सांगायची चूक मी केली, त्यावर जास्त लिहीत नाही.

आणि मग त्यांचा दुसरा प्रश्न, "परत द्यायचं असतंय का?" नाही द्यायचं. पण गंमत म्हणजे जिच्या नावानं ही फेलोशिप आहे तिनं परत दिलेले. वॉर्सात तेव्हा मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता. मारी आधी दुसऱ्यांच्या घरी राहून मुलं शिकवायची आणि त्या पैशातनं थोरल्या बहिणीचं पॅरिसमधलं शिक्षण चालायचं, मग १८९१ला ती स्वतः पॅरिसला गेली. दोन वर्षांनी पुढचं शिक्षण पैशावाचून अडायला लागलं तेव्हा तिला ६०० रुबलची स्कॉलरशिप मिळाली, आणि पुढं कमवायला लागल्यावर तिनं ती रक्कम परत नेऊन दिली. अशी काही अटच नव्हती. बाबांना ही गोष्ट फार आवडली, आता ते येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतात, फक्त रुबलच्या जागी युरो म्हणतात.

माझं स्वतःचं म्हणाल तर पीएचडी २०२१ची. तेव्हापासून सीएचबी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, परीक्षा आणि सुट्ट्यांत शून्य, दर वर्षी नवा इंटरव्ह्यू, दर वर्षी तीच साडी. नेटची परीक्षा झालेली, पीएचडी झालेली, पेपर आहेत, आणि हजेरीपटावर माझं नाव पेन्सिलनं लिहितात. एका ठिकाणी परमनंट जागेची जाहिरात आली म्हणून भेटायला गेले, तर बाहेर बसलेल्या माणसानं शिक्षण विचारायच्या आधी "तुमची तयारी कितीची" विचारलं. मी आपली म्हटलं, सर, दोन महिने झाले अभ्यास करतीय. तो हसला. मला दारातनं बाहेर पडल्यावर कळलं कसली तयारी ते. त्यामुळं घरचे जेव्हा "दोनच वर्षांचं? मग पुढं काय?" असं फेलोशिपबद्दल विचारतात तेव्हा मला कळतच नाही काय बोलावं. सलग चोवीस महिने पगार येणार हे ऐकायलाच मला सिनेमासारखं वाटतं.

होस्ट, म्हणजे आपल्याला लॅबमधे घेणारा प्रोफेसर, शोधायचं काम सगळ्यात चिवट. मार्चपासनं मेल करत होते. एकसष्ट मेल पाठवले, एक्सेलमधे नोंद आहे. पहिले चाळीस काय लिहिले होते ते आता वाचलं की कानकोंडं व्हायला होतं, "रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी मच इंटरेस्टेड टु वर्क अंडर युवर काइंड गायडन्स", आणि खाली सगळ्या पेपरांची यादी, आणि त्यांचं काम काय याबद्दल एक शब्द नाही. एकाचंही उत्तर नाही. मग एका ओळखीच्या ताईनं सांगितलं की त्या माणसाचा गेल्या वर्षीचा एक पेपर वाच, त्यात एक जागा शोध जिथं तुला काहीतरी खटकलंय, आणि तेवढंच विचार. तशा एकवीस मेलना नऊ उत्तरं आली. दोघं म्हणाले बोलूया. एक जर्मनीतले, एक पोर्तुगालमधले. मी जर्मनी निवडली, कारण जर्मनी म्हटल्यावर शेजारच्यांना कळतं. हे कारण इथं लिहायला लाज वाटतीय पण खरं तेच आहे. का चुकलं ते पुढं येईल.

युरॅक्सेस म्हणून युरोपियन पोर्टल आहे, तिथं बऱ्याच लॅब स्वतःच जाहीर करतात की आम्हाला या विषयात मारी क्युरीचा उमेदवार पाहिजे. काही विद्यापीठं उन्हाळ्याच्या सुमाराला मास्टरक्लास घेतात, ऑनलाइन, फुकट, तुमचा एक-दोन पानी विचार बघून बोलावतात आणि प्रपोजल कसं लिहायचं ते शिकवतात. मला हे जुलैत कळलं. तेव्हा उशीर झालेला.

शिफारसपत्रांची कथा वेगळीच, मारी क्युरीला लागत नाहीत पण बाकी बऱ्याच ठिकाणी लागतात. दुसऱ्या एका फेलोशिपसाठी एका ज्येष्ठ सरांकडं गेले. सर प्रेमळ, चहा पाजला, आणि म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." आपल्याकडं हे इतकं रुळलेलं आहे की त्यात कोणाला काही वाटत नाही. मी घरी बसून स्वतःबद्दल लिहायला लागले, आणि लिहिता येईना. "शी इज हार्डवर्किंग अँड सिन्सिअर". पुढं? रात्रभर बसून तेच, सिन्सिअर, डेडिकेटेड, पंक्च्युअल. शिपायाच्या नोकरीला लागावं तसं सर्टिफिकेट झालं. मी नेमकं काय शोधून काढलं, कुठं बाकीचे अडले आणि मी मार्ग काढला, हे एक वाक्य मला स्वतःबद्दल सुचलं नाही. सरांनी सही केली. व्हायचं तेच झालं, तिथनं नकार आला.

फेब्रुवारी २०२५ला मारी क्युरीचा निकाल लागला. दहा हजारांवर अर्ज होते त्यावेळी, त्यातले सतराशेच्या आसपास घेतले. मला ८८.६. शाळेत एवढे पडले असते तर पेढे वाटले असते, इथं नापास, आमच्या विषयाच्या पॅनेलची कट-ऑफ लाइन नव्वदच्या वर गेलेली. पण पंचाऐंशीच्या वर असेल तर 'सील ऑफ एक्सलन्स' म्हणून सर्टिफिकेट येतं. म्हणजे युरोपियन युनियन लिहून देतं की तुमचं प्रपोजल उत्कृष्ट आहे, फक्त आमच्याकडचे पैसे संपले. काही देशांत हे सील दाखवून तिथल्या राष्ट्रीय निधीतनं पैसे मिळतात. मी डाउनलोड करून ठेवलं आणि झोपले. दुसऱ्या दिवशी कॉलेजवरनं आले तर बाबांनी ते विश्रामबागेत जाऊन कलर प्रिंट काढून लॅमिनेट करून आणलेलं, निळ्या झेंड्यावरच्या पिवळ्या चांदण्या एकदम चमकतायत, आणि टीव्हीच्या वर, वसंतदादांच्या फोटोशेजारी लावलंय. एक हवेचा बुडबुडा राहिलाय नेमका माझ्या आडनावावर. ज्यांना ज्यांना दिसतं ते अभिनंदन करतात. नापास झाल्याचं एवढं सुंदर सर्टिफिकेट जगात दुसरं नसेल.

मार्कांबरोबर परीक्षकांचा अभिप्राय पण येतो, काय चांगलं, काय कमी. मी तो आठवडाभर उघडला नाही. उघडला तेव्हा कमी असलेल्यात पहिलंच, ज्ञानाची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी कशी होणार हे पुरेसं स्पष्ट नाही. त्या फॉर्ममधे एक भागच असतो, यजमान तुम्हाला काय शिकवणार आणि तुम्ही यजमानाला काय देणार. पहिल्या अर्ध्यावर मी पाऊण पान लिहिलं होतं, त्यांची उपकरणं, त्यांचा अनुभव, त्यांचं ते सिंक्रोट्रॉन. दुसऱ्या अर्ध्यावर एक ओळ. 'माझ्या अनुभवाचा गटाला उपयोग होईल.' संपलं.

मी तिथं अडकले ते दोन दिवस. कारण खरंच, मी त्यांना काय देणार? ते कुठं, मी कुठं. लहानपणापासनं शिष्यवृत्ती म्हणजे घ्यायची गोष्ट, ओंजळ पुढं करायची, नमस्कार करायचा. द्यायचं काय ते कोणी विचारलेलंच नाही. आणि मग माझं मलाच आठवलं की पहिल्यांदा बोलताना त्या जर्मन सरांनी विचारलं होतं, तुमच्याकडं व्हॅक्यूमचं मशीन नाही तर फिल्म कशी बनवता, आणि मी विषय बदलला होता. लाज वाटली होती. साधा काचेचा बीकर, हॉट प्लेट, थर्मामीटर, स्टँडला दोऱ्यानं बांधलेली काचपट्टी, हे काय सांगायचं? पण मी तेच सहा वर्षं केलंय. द्रावणाचा रंग बघून कळतं की आता दहा मिनिटांत फिल्म धरणार, का तळाला गाळ होऊन बसणार. मे महिन्यात आणि जुलै महिन्यात त्याच रेसिपीनं वेगळी फिल्म येते, कारण आपल्याकडं लॅबला एसी नाही, आणि त्यातनं तापमान-पीएचचा जो तक्ता मी केलाय तो पेपरच्या सप्लिमेंटरीत, म्हणजे मागं जोडलेल्या पुरवणीत, टाकलाय, चौथ्या पानावर, कोणी वाचू नये म्हणून टाकावा तसा. निम्मी प्रायोगिक सेटअप लाइट गेली तरी वाया जाऊ नये अशी बसवलेली. व्हॅक्यूमवाल्या लॅबला हे येत नाही. त्यांना मोठ्या पृष्ठभागावर, कमी खर्चात करायचं असेल तर हेच लागतं.

म्हणजे जे लपवत होते तेच द्यायचं होतं.

दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा तो भाग दीड पान झाला. पहिल्या महिन्यात मी त्यांच्या पोरांना केमिकल बाथचं वर्कशॉप घेणार, तिसऱ्या महिन्यात तो तक्ता त्यांच्या मटेरियलसाठी बनवणार, असं नाव-गाव-तारखेसकट. यावेळी यजमान पोर्तुगालचे. त्यांना मी परत मेल केला, एक वर्षानं, मागच्या वेळी तुम्हाला नाही म्हटलं ते चुकलं असं सरळ लिहून, आणि त्यांनी दोन ओळीत हो म्हटलं. पोर्तुगालचा एक व्यवहारी फायदा पण आहे जो मला पहिल्या वर्षी माहीत नव्हता. युरोपातले काही देश 'वाइडनिंग' म्हणून गणलेले आहेत, म्हणजे संशोधनाचा पैसा जिथं कमी पोचतो असे, पोर्तुगाल, ग्रीस, पोलंड, चेक, स्लोव्हेनिया वगैरे. यजमान तिथला असेल तर फॉर्म भरताना एक टिक करायची, मग मुख्य यादीत नाव नाही आलं तरी तोच अर्ज, तेच मार्क, ईआरए (युरोपियन रिसर्च एरिया) फेलोशिपच्या वेगळ्या यादीत आपोआप जातो. एक टिक. माझे ८८.६ जर पोर्तुगालच्या नावावर असते तर काय झालं असतं याचा विचार करायचा नाही असं ठरवलंय आणि रोज करते. (आणि ठरावीक रेषेच्या खाली मार्क पडले तर त्याच संस्थेबरोबर पुढच्या वर्षी अर्ज करता येत नाही, २०२५च्या कॉलला ती रेषा सत्तरची होती, हे पण ध्यानात ठेवा, घाईनं टाकायचा म्हणून टाकू नका.)

बाकीच्या स्कीम, विचारणाऱ्यांसाठी भराभर. पीएचडी चालू असेल तर फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल बघा, सहा ते नऊ महिने अमेरिकेत, पण नंतर दोन वर्षं मायदेशी राहायची अट व्हिसालाच चिकटलेली असते, ती वाचून मग उड्या मारा. फ्रान्ससाठी रामन-शार्पाक, पीएचडीवाल्यांना काही महिन्यांसाठी. पीएचडीनंतर जर्मनी हवी असेल तर हुम्बोल्ट, तिला विषयाचा किंवा देशाचा कोटा नाही, पण यजमान प्रोफेसरचं पत्र भक्कम पाहिजे. जपानची जेएसपीएस, पीएचडीला सहा वर्षं व्हायच्या आत, महिना ३,६२,००० येन. बायोलॉजीवाल्यांना एम्बो (युरोपातली मॉलिक्युलर बायोलॉजीची संस्था) आहे, भारत २०१६पासून तिथं असोसिएट सदस्य आहे. परत यायचं असेल तर रामलिंगस्वामी आणि रामानुजन या आपल्या सरकारच्या, बाहेरनं येणाऱ्यांसाठीच्या. आणि एक घोळ सगळे करतात, राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ही पदव्युत्तर आणि पीएचडीच्या शिक्षणासाठी आहे, पोस्टडॉकसाठी नाही. मला तीन जणांनी आत्मविश्वासानं तिचा फॉर्म पाठवलाय.

नोव्हेंबरमधे साताऱ्याला मावशीकडं गेले होते, नेमकी सात तारीख. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात घातलं, राजवाड्यातली शाळा, आता तिला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात, म्हणून राज्यात तो विद्यार्थी दिवस. मावशीचा नातू शाळेतनं भाषण करून आलेला, ते त्यानं मला परत ऐकवलं, हातवारे करून. त्यात एक वाक्य होतं, "सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली." ते मला पाठ होतं, पण त्या दिवशी वेगळंच डोक्यात शिरलं. १९१३, तीन वर्षं, कोलंबिया विद्यापीठ, आणि बदल्यात दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायचा करार. म्हणजे तिथं पण फॉर्मवर तो रकाना होताच, तुम्ही काय देणार. आणि मुदत संपली तशी १९१७ला लंडनचा अभ्यास अर्धा टाकून यावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅमला प्राध्यापकी, त्यातनं साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत, मित्राचं कर्ज, असं जोडून १९२०ला परत लंडन, आणि १९२३ला डीएससी. शंभर वर्षांपूर्वीची फंडिंग गॅप. मी नातवाला म्हटलं, पुढच्या वर्षी भाषणात १९१७चं पण घाल. तो म्हणाला, बाईंनी दोन मिनिटंच दिलीत.

तर यंदाचा अर्ज. डेडलाइन होती १० सप्टेंबर २०२५. गणपती लवकर आलेले, सहा तारखेला अनंत चतुर्दशी, म्हटलं झकास, यंदा पुरणाचा वास नाही, निवांत शेवटच्या दिवशी टाकू. आई म्हणाली, "आगं आठला पितृपक्ष लागतोय, त्यात कुठं नवीन काम सुरू करतीस?" मी वाद घातला, की ही सुरुवात नाही, सुरुवात मागच्या वर्षीच झालीय, हे रिसबमिशन आहे. आईला रिसबमिशन पटलं नाही. शेवटी अनंत चतुर्दशीला दुपारी, मिरजेच्या मिरवणुका सुरू व्हायच्या आत, चार दिवस आधी सबमिट केलं. लाइट होती, नेट होतं, पानं दहा होती. एवढं सुरळीत झालं की मलाच शंका आली आणि मी रात्री परत उघडून ती पोर्तुगालवाली टिक बघितली. मग अकरा तारखेला बातमी की यंदा सतरा हजारांवर अर्ज आलेत. मागच्या वेळी दहा हजार होते. आईला सांगितलं नाही.

निकाल फेब्रुवारीत. तोवर सीएचबीचे तास, प्रॅक्टिकलच्या जर्नल तपासणं, आणि बीएस्सीच्या दोन पोरींना मी रविवारी घरी केमिकल बाथ शिकवतीय, परसात, जुन्या इंडक्शनवर, आई त्या बीकरला हात लावू देत नाही, स्वयंपाकघरापासनं चार हात लांब ठेवायचं या अटीवर. गेल्या रविवारी एकीची फिल्म पहिल्यांदा धरली, पिवळीधमक, एकसारखी. तिनं मला विचारलं, मॅडम, रंग बदलायच्या आधी तुम्ही "आता बघ" म्हणालात ते कसं कळलं तुम्हाला. मी म्हटलं थांब, परत करू, यावेळी तू सांग. तीनदा चुकली. चौथ्यांदा पण चुकली, पण कमी.

ज्यांना प्रपोजल पाहिजे त्यांनी मेल करा, पाठवते, पहिलं ८८.६वालं आणि परीक्षकांचा अभिप्राय दोन्ही. दुसरं निकाल लागल्यावर. फक्त मेलमधे तुमचं काम काय आहे ते चार ओळी लिहा, आणि 'रिस्पेक्टेड मॅडम, काइंड गायडन्स' लिहिलं तर उत्तर उशिरा येईल.